काडी शेतकऱ्याची, घाई कुणाची?

दिवाळीच्या सुमारास या देशात दोन पिकांची धांदल उडालेली असते. पंजाब-हरियाणात भाताची कापणी उरकून गव्हाची पेरणी तोंडावर आलेली असते. महाराष्ट्रात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या बेतात असतात आणि बीड, अहिल्यानगर, जालन्यातली ऊसतोड कुटुंबं फराळाचा डबा संपायच्या आत ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून निघतात. पुढच्या काही आठवड्यांत पंजाबात पराली, म्हणजे भाताचा पेंढा, पेटते, दिल्लीचं आकाश करडं होतं आणि सगळ्या वाहिन्यांवर एकच प्रश्न विचारला जातो : शेतकऱ्यांना समजत कसं नाही?

त्यानंतर, पार एप्रिलपर्यंत, कृष्णा, पंचगंगा, नीरा आणि भीमेच्या काठांवर तुटून गेलेल्या उसाच्या फडांतलं पाचट पेटत राहतं. संध्याकाळी रस्त्याने जाताना दूरवर जाळाची रांग दिसते, सकाळी काळं रान. त्याची बातमी होत नाही, कारण तो धूर कुठल्या राजधानीवर जात नाही.

पराली आणि पाचट यांचा विचार आपण सहसा एकत्र करत नाही. तो करायला हवा. पिकं वेगळी, माती वेगळी, हवा वेगळी, पण दोन्हीकडे काडी ओढणाऱ्या हातामागची घाई सारखीच आहे. ती घाई शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही. पाणी, भाव, यंत्र, मजूर आणि कारखान्याची तोड यांची वेळापत्रकं दुसरीकडे ठरतात. ती एकमेकांवर आदळतात तेव्हा मधल्या फटीत आग लागते. हे मान्य केल्याशिवाय शेतातली आग विझणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंजाब : दोन पिकांमधली फट

भात हे पंजाबचं पारंपरिक मुख्य पीक नव्हे. १९६०-६१ मध्ये तिथे भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर होते. आज ते क्षेत्र ३१-३२ लाख हेक्टरांच्या आसपास आहे. देशाला धान्य हवं होतं. सरकारने हमीभाव दिला, खरेदीची खात्री दिली, पुढे पंपाला मोफत वीज दिली. शेतकऱ्याने देशाचं ऐकलं. त्याची किंमत भूजलाने मोजली. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार पंजाबातल्या १५३ विभागांपैकी ११७ विभाग अतिशोषित आहेत. जमिनीत वर्षाला जेवढं पाणी काढण्याजोगं मुरतं, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं.

पाणी वाचवण्यासाठी २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणाने कायदे केले. ऐन उन्हाळ्यात भाताची लावणी करायची नाही, जूनमधल्या ठरलेल्या तारखेनंतरच करायची. हेतू रास्त होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे सरकली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येऊन ठेपली. गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमिनीत पडला नाही तर उतारा घटतो. त्यामुळे भात निघणं आणि गहू पेरणं यांत पंधरा-वीस दिवस उरले. नेमक्या याच दिवसांत उत्तरेत वारा पडतो, हवा थंड होऊन जमिनीलगत साचते आणि धूर वर न जाता पसरत राहतो. भूजल वाचवणाऱ्या कायद्याने आग अशा आठवड्यांत ढकलली, जेव्हा तिचा धूर सर्वांत जास्त टिकतो.

त्यात कम्बाइन हार्वेस्टर आला. हाताने कापणी व्हायची तेव्हा भात जमिनीलगत कापला जाई. यंत्र ओंब्या काढून घेतं, खाली ताठ खुंट ठेवतं आणि सुटा पेंढा ओळीने मागे टाकतं. पंजाबात दर वर्षी असा जवळपास दोन कोटी टन पेंढा तयार होतो. तो गुरांना घालावा, तर बासमती सोडून इतर भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असतं आणि तिथली जनावरं गव्हाच्या भुश्श्यावर वाढलेली. गोळा करून विकावा, तर गासड्या बांधणारं यंत्र वेळेवर मिळेलच असं नाही. मग काडी उरते. तिला खर्च नाही आणि एका दुपारीत रान मोकळं होतं.

धुराचे आकडे आणि आकड्यांचा धूर

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पराली जाळण्यावर बंदी घातली. २०१८ पासून केंद्राने यंत्रांवर अनुदान सुरू केलं : एकट्या शेतकऱ्याला ५० टक्के, सहकारी संस्था आणि अवजार बँकांना ८० टक्के. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पेंढा न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांना क्विंटलमागे १०० रुपये द्या, असं सांगितलं. २०२१ मध्ये राजधानी परिसराच्या हवेसाठी कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंड दुप्पट झाले : दोन एकरांच्या आत ५ हजार, पाच एकरांपर्यंत १० हजार, त्यावर ३० हजार रुपये. काही ठिकाणी गुन्हे दाखल झाले, जमिनीच्या दफ्तरात लाल नोंदी पडल्या.

उपग्रहांनी टिपलेल्या आगींची पंजाबातली संख्या २०२० मध्ये ८३,००२ होती. २०२२ मध्ये ती ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३ आणि २०२४ मध्ये १०,९०९ झाली. हे मोठं यश म्हणून मिरवलं गेलं आणि त्यात खरी घट आहेच. पण मोजणी प्रामुख्याने दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांवर अवलंबून आहे. दुपार टळल्यावर लावलेली आग त्यांना दिसत नाही. सतत एकाच भागावर नजर ठेवणाऱ्या भूस्थिर उपग्रहांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना आगीची वेळ संध्याकाळकडे सरकलेली आढळली. माणूस दंडाला घाबरला की तो आग टाळण्याआधी नजर टाळायला शिकतो. दंडाच्या धोरणाची ही मर्यादा आपण लक्षात ठेवली पाहिजे.

दिल्लीच्या हवेत परालीचा वाटा किती, यावर दर वर्षी भांडण होतं. त्याचा दैनंदिन अंदाज देणारी यंत्रणा आपल्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केली आहे. तिचे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीचे ठरतात. वाऱ्याची दिशा जुळली की एखाद्या दिवशी दिल्लीतल्या सूक्ष्म कणांपैकी एक तृतीयांशाहून जास्त परालीतून आलेले असतात. दुसऱ्याच दिवशी हा वाटा चार-पाच टक्क्यांवर उतरतो. डिसेंबर-जानेवारीत तर शेतात आगच नसते, तरी दिल्लीची हवा विषारीच असते. वाहनं, कारखाने, धूळ, कचरा आणि चुली बारा महिने आपलं काम करत असतात. म्हणून ‘सगळा दोष शेतकऱ्याचा’ हे खोटं आणि ‘शेतकऱ्याचा काहीच दोष नाही’ हेही खोटं. या वादात एका माणसाचा मात्र सर्वांना विसर पडतो. परालीचा पहिला आणि सर्वांत दाट धूर दिल्लीकराच्या आधी संगरूर, मोगा आणि लुधियानाच्या गावांतली मुलं-म्हातारी माणसं छातीत घेतात. ते त्याच शेतकऱ्याचं घर असतं.

पाचट : बिनबोभाट जळणारं खत

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात ऊस दहा लाखांहून जास्त हेक्टरांवर आहे. तोडणीनंतर एका हेक्टरात साधारण आठ ते दहा टन वाळलेली पानं मागे राहतात. राज्याचा हिशोब केला तर पाचट एक कोटी टनांच्या घरात जातं. पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग सगळे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत : हेक्टरभर पाचटातून जमिनीला ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब मिळू शकतो. ज्या रानात कर्बाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली घसरलं आहे, तिथे आपण दर खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, टनांनी कर्ब धुरात सोडतो आणि मग शेणखताची ट्रॉली विकत आणतो.

तरी पाचट का जळतं? या पट्ट्यात कुणालाही विचारा, कारणं तोंडपाठ मिळतील, आणि त्यातलं एकही आळसाचं नाही.

पहिलं कारण पाणी. पाटपाण्यावरच्या रानात सरी पाचटाने भरली की पाणी पुढे सरकत नाही. शेतीपंपाला वीज ठरावीक तास, त्यातही आठवड्याआड रात्रीची. अंधारात, थंडीत, पाचटाखाली साप असेल या धास्तीने दारं मोडणाऱ्या माणसाला मोकळी सरी हवीशी वाटते. दुसरं कारण फुटवा. तोडणी वरून झाली असेल तर बुडखे उंच राहतात. ते कोयत्याने जमिनीलगत छाटावे लागतात, त्यावरचं पाचट बाजूला ओढावं लागतं. या कामाला माणसं लागतात आणि गावात माणसं मिळत नाहीत. तिसरं कारण मशागत. बगला फोडायच्या, भर लावायची, तर औजारात पाचट अडकतं. चौथं कारण कीड. उंदीर, हुमणी, खोडकीड जाळाने मरतात, अशी पिढ्यांची समजूत आहे. जाळात काही किडी मरतात हे खरं. त्यांना खाणारे मित्रकीटक आणि गांडुळं मात्र त्याहून आधी मरतात.

पाचवं कारण बांधावर बोललं जातं, बैठकीत बोललं जात नाही. ऊस कधी तुटणार हे शेतकऱ्याच्या हाती नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम, मुकादमाची टोळी, चिटबॉयची मर्जी यांवर ते ठरतं. जानेवारीत तुटायचा ऊस मार्चमध्ये तुटला तर खोडव्याचे दोन महिने गेले. मग खत-पाणी लवकर द्यायचं, फुटवा लवकर काढायचा. या घाईत काडी ओढली जाते. पंजाबात पंधरा दिवसांनी जे केलं, तेच इथे लांबलेल्या तोडीने केलं.

उभा ऊस पेटवला जातो ती गोष्ट याहून गंभीर. शॉर्टसर्किटने किंवा शेजारच्या पाचटाच्या आगीने पेटलेला ऊस वेगळा. पण पाल्यातून वाट काढत तोडण्यापेक्षा जाळून तोडणं झपाट्याने होतं, म्हणून मुद्दाम फड पेटवल्याच्या तक्रारीही जवळपास दर हंगामात येतात. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, वजन घटतं आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, राखेत जातं. वाढं ऊसतोड मजुराच्या बैलांचा चारा असतं, विकलं तर रोजच्या मीठ-मिरचीचे पैसे असतात. टनावर मजुरी मोजणाऱ्या व्यवस्थेत वेग म्हणजेच भाकरी. म्हणून त्या कोयत्यावर, म्हणजे फडात राबणाऱ्या नवरा-बायकोवर, दोष ढकलून आपण मोकळं होऊ नये.

या आगीत आणखी काय काय जळतं, त्याची आठवण एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी परिसराने दिली. पाचटाला लावलेल्या आगीत बिबट्याचे पाच बछडे होरपळून मेले. उन्हाळ्यात बांधावरची आग आवरताना शेतकरी दगावल्याच्या बातम्याही येत राहतात. झाडं, ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन आणि शेजाऱ्याचा उभा ऊस यांचा हिशोब तर कुणी ठेवतच नाही.

माती काय मागते

पाचट नुसतं पसरून ठेवलं की झालं, असं सांगणारे शेतकऱ्याची फसवणूक करतात. पाचटात कर्ब खूप आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र स्वतःसाठी उचलतात, त्यामुळे खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो. शेतकरी तेवढ्यावर घाबरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाळतो. म्हणून शिफारस अशी : बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत नीट बसवायचं किंवा कुट्टी यंत्राने बारीक करायचं, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. पुढची खतं पहारीने भोक पाडून मुळांजवळ द्यायची.

हे ज्यांनी नेटाने केलं त्यांच्या रानात फरक डोळ्यांना दिसतो. पाचटाखाली ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात, भांगलणीचा खर्च वाचतो, दोन-तीन खोडव्यांनंतर माती भुसभुशीत होते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी तर पुढे जाऊन नांगरणीशिवायच्या शेतीचा पुरस्कार केला आणि पिकाची मुळं, खोडं, पाचट जागेवर कुजू देण्याचं शास्त्र सोप्या मराठीत शेतकऱ्यांपुढे मांडलं. आपल्याकडे पाचट ठेवणाऱ्यांचं प्रमाण गेल्या वीस वर्षांत वाढलं. त्याचं श्रेय दंडाला देता येणार नाही. शेजाऱ्याचा खोडवा पाहून लोकांनी ते केलं. कृषी विभागाची पाचट अभियानं, कारखान्यांचे ऊसविकास अधिकारी, गावोगावचे शेतकरी गट यांनी ते काम केलं. पंजाबने आपल्याकडून शिकावं असं काही असेल, तर ते हे आहे.

पंजाबकडेही आपल्याला देण्यासारखं आहे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या सहकार्याने घडलेलं हॅपी सीडर हे यंत्र पेंढा न जाळता त्यातच गहू पेरतं. पीआर-१२६ हा भाताचा वाण लावणीनंतर साधारण ९३ दिवसांत तयार होतो. जास्त दिवस घेणाऱ्या पुसा-४४ च्या तुलनेत तो महिनाभर आधी रान मोकळं करतो. या वाणाने पाणीही वाचतं आणि शेतकऱ्याच्या हाती दिवसही येतात.

राब : एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा हाच वाद

शेतातल्या आगीवरून सरकार आणि शेतकरी यांच्यात जुंपण्याची ही पहिली वेळ नाही. कोकणात आणि मावळात भाताचं रोप टाकण्याआधी दाढ भाजतात. शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून उन्हाळ्यात राब पेटवायचा. राबासाठी झाडं छाटली जातात म्हणून एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याने निर्बंध घातले. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि राबाचा हक्क हा त्या चौकशीतला कळीचा मुद्दा ठरला. साहेबाला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. शेतकरी सांगे की राबाशिवाय रोप जोमदार येत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला, तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या रूढीला अडाणीपणा न म्हणता तिच्यामागचं कारण प्रयोगाने शोधायचं, ही त्या अभ्यासाची भूमिका आजही अनुकरणीय आहे.

राबाला आज पर्याय मिळाला आहे आणि तो शेतातूनच आला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे कायम ठेवतात, नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच करत नाहीत, टोकणी करतात. रोपवाटिकाच नाही म्हटल्यावर राब भाजायचं कारण उरत नाही. आधीच्या पिकाची मुळं जमिनीत कुजतात. चिखलात पाणी साचून निघणारा मिथेनही घटतो. या तंत्रात तणनाशक वापरावं लागतं, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर काम व्हायला हवं. तरीही कष्ट कमी झाल्यामुळे आग थांबते, हे या तंत्राने दाखवलं.

मोठा हिशोब

शेती पर्यावरणाला धक्का लावते, हे शेतकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही नाकारू नये. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या माहितीनुसार २०२० मध्ये देशाच्या हरितगृह वायूंपैकी १३.७२ टक्के शेती-पशुपालनातून आले. गुरांचं रवंथ, भाताची चिखलातली शेती आणि नत्रखतं ही त्याची मुख्य उगमस्थानं. ऊर्जेचा वाटा मात्र ७५ टक्क्यांहून जास्त आहे. हे दोन्ही आकडे एकाच श्वासात सांगितले पाहिजेत.

पाण्याचंही तसंच. लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस महाराष्ट्राच्या सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नोंदवलं आहे. शिरोळ-वाळव्याकडे अतिपाण्याने क्षारपड झालेली रानं त्याची साक्ष देतात. पण ऊस का लावला जातो? कारण कायद्याने किमान भाव ठरलेला असतो. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि ऊस घेणारा कारखाना दारात आहे. ज्वारी, तूर, करडई यांना अशी खात्री कोण देतं? पंजाबात भात आणि महाराष्ट्रात ऊस हे सरकारी धोरणाने वाढवलेलं पीक आहे. त्या धोरणाची राख शेतकऱ्याच्या एकट्याच्या पदरात टाकणं अन्यायाचं आहे.

पेंढ्याला उद्योगाचं गिऱ्हाईक मिळवून देणं हा सध्याचा आवडता उपाय. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा प्रकल्प वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याच्या क्षमतेचा आहे. पंजाबच्या दोन कोटी टनांपुढे तो किती, हे उघड आहे. पाचटही बॉयलरला न्यावं, असे विचार आपल्याकडे मांडले जातात. माझा त्याला विरोध आहे. ऊस कारखान्याला गेला, बगॅसही तिथेच जळला. आता पाचटही नेलं तर रानाला परत काय मिळणार? पाचटावर पहिला हक्क मातीचा आहे.

वेळ द्या, मग हिशोब मागा

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याने उभा ऊस जाळून तोडण्याची पद्धत थांबवण्यासाठी २००२ मध्ये कायदा केला आणि यंत्र चालणाऱ्या रानांसाठी २०२१ पर्यंतची मुदत टप्प्याटप्प्याने दिली. २००७ मध्ये सरकार आणि कारखानदारांनी करार करून ती २०१४ वर आणली. जबाबदारी कारखान्यांनी उचलली म्हणून हे जमलं. मात्र यंत्रांनी असंख्य तोडणी मजुरांचं काम गेलं. त्यांचं पुढे काय, याचा विचार आपण आधीच करायला हवा, कारण आपल्याकडेही हार्वेस्टर वेगाने वाढताहेत.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. कारखान्याने तोडीची तारीख पाळावी आणि ती चुकली तर लांबलेल्या दिवसांची भरपाई द्यावी. बुडखे जमिनीलगत छाटण्याची मजुरी तोडणी कामगाराला वेगळी द्यावी. ते काम त्याच्याच हातून सर्वांत चांगलं होईल आणि त्याच्या उत्पन्नात भर पडेल. दर गट-कार्यालयात पाचट कुट्टी यंत्र तोडीच्या दुसऱ्या दिवशी भाड्याने मिळावं. शेतीपंपाला दिवसा वीज आणि पाचटाच्या रानाला ठिबक, हे अनुदानाच्या यादीत सर्वांत वर असावं. कर्ब वाढवणाऱ्या शेतकऱ्याला टनामागे थोडा जास्त भाव मिळावा. माती परीक्षणाची पत्रिका आहेच, ती कपाटात ठेवण्यासाठी नाही. पंजाबात कडधान्य-तेलबियांच्या खरेदीची भातासारखीच हमी द्यावी, म्हणजे दोन पिकांमधली ती फटच रुंद होईल.

एवढं केल्यावर जो जाळेल त्याला जरूर दंड करा. तो दंड मग गावालाही पटेल. आज मात्र आपण शेतकऱ्याचे दिवस हिरावून घेतो आणि दिवस वाचवण्यासाठी त्याने काडी ओढली की त्याच्यावर गुन्हा दाखल करतो. साखर स्वस्त हवी, तांदूळ स्वस्त हवा आणि हवा स्वच्छ हवी, या तिन्ही मागण्या शहरांना एकाच वेळी करता येतील. त्यासाठी त्या मातीला लागणारा वेळ विकत घेण्याची तयारी मात्र शहरांनी दाखवली पाहिजे.